विद्युत-उद्दीपन उपचार : काही मूलभूत संकल्पना

इंदूरमध्ये भौतिकोपचाराचा व्यवसाय करताना एक वाक्य मला जवळजवळ रोज ऐकावयास मिळते : "चार दिवस करंट लावून द्या, म्हणजे बरं वाटेल." असे म्हणणाऱ्यांत गुडघेदुखीने त्रासलेल्या आजी असतात, अर्धांगवायूच्या रुग्णाचा मुलगा असतो आणि सकाळी उठल्यावर तोंड वाकडे झालेले दिसल्याने घाबरलेला तरुणही असतो. अनेकदा सोबत आपल्यापैकीच एखाद्या डॉक्टरांची चिठ्ठी असते व तीवर लिहिलेले असते, "स्टिम्युलेशन, दहा दिवस."

एखाद्या चिठ्ठीवर केवळ "गोळी, दहा दिवस" एवढेच लिहिले तर औषधविक्रेता ती तत्काळ परत पाठवील. कोणती गोळी, किती मात्रेची, दिवसातून किती वेळा, हे त्यास कळले पाहिजे. विद्युत-उद्दीपनाचेही तसेच आहे. 'करंट' हे एका उपचाराचे नाव नसून परस्परांहून अगदी भिन्न अशा अनेक उपचारांचे ते सामायिक नाव आहे. एका रुग्णास उपयोगी पडणारा प्रवाह दुसऱ्यास निरुपयोगी आणि तिसऱ्यास अपायकारक ठरू शकतो. हा भेद कशावर अवलंबून असतो, हे डॉक्टर मित्रांना व समाजातील इतर वाचकांनाही सहज समजावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

थोडा इतिहास

विजेचे स्वरूप कळण्याच्या कितीतरी आधीपासून तिचा उपचारासाठी वापर होत आला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनिअस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखीवर व गाउटच्या वेदनेवर टॉर्पीडो नावाचा जिवंत विद्युत्-मासा अंगाशी लावण्याचा उपाय नोंदवून ठेवला आहे. पुढे १७९१ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील आपले प्रसिद्ध प्रयोग प्रकाशित केले. १८०० मध्ये व्होल्टा यांनी विद्युत्-घट सिद्ध केला आणि १८३१ मध्ये फॅराडे यांनी विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आमच्या विभागात आजही रूढ असलेले 'गॅल्व्हानिक' व 'फॅराडिक' हे शब्द याच दोन शास्त्रज्ञांची स्मृती जपतात.

वैद्यकाच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल मात्र ड्यूशेन या फ्रेंच वैद्याने टाकले. त्वचेस छेद न देता, ओलसर इलेक्ट्रोड पृष्ठभागावर ठेवून एकेक स्नायू स्वतंत्रपणे आकुंचित करता येतो, हे त्यांनी दाखविले व १८५५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. इलेक्ट्रोड कोठे ठेवावयाचा याचे ज्ञान हेच या उपचारातील पहिले कौशल्य होय, हा धडा त्यांनीच घालून दिला.

चेतातंतू जागा कसा होतो?

विश्रांतीच्या स्थितीत चेतातंतूचा आतील भाग बाहेरील भागापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. हा फरक घटून सुमारे ५५ मिलिव्होल्टपर्यंत आला की उंबरठा ओलांडला जातो, सोडियमची द्वारे उघडतात आणि आवेग निर्माण होतो. आपण त्वचेवर लावलेल्या दोन इलेक्ट्रोडपैकी ऋणाग्राखाली हा फरक कमी होतो, म्हणून उद्दीपन प्रामुख्याने ऋणाग्रापाशी घडते. एकदा आवेग निर्माण झाला की तो नैसर्गिक आवेगासारखाच असतो; अर्धा आवेग, पाव आवेग असा प्रकार नसतो. प्रवाह वाढविल्याने आवेग मोठा होत नाही, तर अधिक तंतू जागे होतात.

उंबरठा ओलांडण्यासाठी किती प्रवाह लागतो, हे समजण्यास मी विद्यार्थ्यांना गळक्या बादलीचे उदाहरण देतो. नळाखाली एक बादली ठेवली आहे व तिच्या बुडाला बारीक भोक आहे. नळ मोठा सोडला तर ती क्षणात काठोकाठ भरेल. धार लहान केली तर भरण्यास अधिक वेळ लागेल. आणि धार गळतीपेक्षाही बारीक असेल तर दिवसभर वाट पाहूनही बादली भरणार नाही. येथे धार म्हणजे प्रवाहाची तीव्रता, नळ सुरू ठेवण्याचा वेळ म्हणजे स्पंदाचा कालावधी आणि काठ म्हणजे उंबरठा. ज्या किमान तीव्रतेखाली कितीही वेळ दिला तरी उद्दीपन होत नाही, तिला 'रिओबेस' म्हणतात. त्याच्या दुप्पट तीव्रता दिली असता जितका वेळ लागतो, तो 'क्रोनॅक्सी'. या दोन्ही संज्ञा फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ लापिक यांनी १९०९ मध्ये रूढ केल्या.

आता खरा मुद्दा येतो. सर्वांच्या बादल्या सारख्या नसतात. जाड, मायलिनयुक्त चेतातंतूची बादली लहान असते व ती एक मिलिसेकंदाहूनही कितीतरी कमी वेळात भरते. परंतु ज्याची चेता तुटली आहे अशा स्नायूतंतूस थेट उद्दीपित करावयाचे झाल्यास ती बादली नव्हे, हौदच! तेथे दहा मिलिसेकंदांहून दीर्घ, पुष्कळदा शंभर मिलिसेकंदांचे किंवा त्याहूनही लांब स्पंद द्यावे लागतात. ०.३ मिलिसेकंदाचा स्पंद देणाऱ्या यंत्राचे बटन कितीही फिरविले तरी तो स्नायू हलणार नाही. रुग्णास मात्र त्वचेत असह्य चुणचुण होईल.

तीन आकडे

कोणत्याही विद्युत-उद्दीपनाचे वर्णन मुख्यतः तीन आकड्यांनी करता येते.

पहिला आकडा तीव्रतेचा. तो मिलिअँपिअरमध्ये मोजतात. नेहमीचे लघु स्पंद वापरून तीव्रता हळूहळू वाढवीत नेली असता रुग्णास प्रथम मुंग्या आल्यासारखे वाटते, मग स्नायू उसळतो आणि त्याही पुढे वेदना होते. संवेदना, हालचाल, वेदना हा क्रम लक्षात ठेवला की आपण कोणत्या पायरीवर आहोत हे रुग्णाच्या चेहऱ्यावरूनही कळते.

दुसरा आकडा स्पंदकालाचा. संवेदी तंतूंसाठी साधारण ५० ते १०० मायक्रोसेकंद, चालक तंतूंमार्फत स्नायू आकुंचित करण्यासाठी २०० ते ४०० मायक्रोसेकंद आणि चेताविहीन स्नायूसाठी त्याच्या शेकडो पट, असा हा व्याप आहे.

तिसरा आकडा वारंवारितेचा, म्हणजे दर सेकंदास किती स्पंद द्यावयाचे याचा. सेकंदास दोन-चार स्पंद दिले तर स्नायू सुटे सुटे झटके देतो. वीसच्या आसपास तो थरथरतो. तीस ते पन्नासच्या दरम्यान झटके एकमेकांत मिसळून सलग आकुंचन मिळते. यापुढे वारंवारिता वाढविल्याने थकवा मात्र लवकर येतो.

याखेरीज प्रवाह एकाच दिशेने वाहतो की आलटून पालटून दोन्ही दिशांनी, हेही पाहावे लागते. एकदिश प्रवाहामुळे ऋणाग्राखाली अल्कली व धनाग्राखाली आम्ल तयार होते व त्वचेस रासायनिक भाजणी होऊ शकते. समतोल द्विदिश स्पंदांत हा धोका पुष्कळ कमी असतो.

दोन पावले, दोन न्याय

वरील सिद्धान्ताचा व्यवहारातील अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. माझ्याकडे एकाच सकाळी 'फूट ड्रॉप'चे दोन रुग्ण येणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. दोघांचीही पावले चालताना लोंबतात, दोघांचीही चप्पल घासते. एकास अर्धांगवायू झाला आहे. दुसऱ्याची गुडघ्याबाहेरील अस्थीपाशी असणारी पेरोनिअल चेता कुष्ठरोगाने किंवा मार लागून निकामी झाली आहे.

पहिल्या रुग्णात दोष मेंदूत आहे. मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतची चेता शाबूत आहे. तेथे लघु स्पंदांनी चेतेस जागे केले की पाऊल लगेच वर उचलले जाते. लिबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये याच तत्त्वावर एक युक्ती प्रसिद्ध केली. बुटाच्या टाचेखाली एक बटन बसविले. टाच जमिनीवरून उचलली की चेतेस प्रवाह मिळे व पाऊल झुलत्या अवस्थेत वर राही. 'कार्यात्मक विद्युत-उद्दीपन' या शाखेचा पाया तेथे घातला गेला.

दुसऱ्या रुग्णात तारच तुटलेली आहे. त्याला तेच यंत्र, तेच आकडे लावले तर काही घडणार नाही. दीर्घ स्पंद वापरून स्नायू थेट आकुंचित करता येतो आणि त्यातही सावकाश चढणारा त्रिकोणी स्पंद वापरतात. निरोगी चेता सावकाश चढणाऱ्या प्रवाहाशी जुळवून घेते व शांत राहते; चेताविहीन स्नायूस ही शक्ती फारशी उरलेली नसते, म्हणून तेवढाच प्रतिसाद देतो. अशा उद्दीपनाने स्नायूचा ऱ्हास काहीसा मंदावू शकतो, पण कितपत, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. त्वचेवरून दिलेल्या या नेहमीच्या उद्दीपनाने तुटलेली चेता जुळत नाही, हे रुग्णास स्पष्ट सांगणे आपले कर्तव्य आहे. चेतेची पुनर्वाढ दिवसास सुमारे एक मिलिमीटर या गतीने होते. दहा सेंटिमीटर अंतर म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ. त्या काळात पाऊल योग्य स्थितीत ठेवणारा स्प्लिंट, घोट्याची हालचाल राखणे आणि बधिर त्वचेची निगा या गोष्टी यंत्राहून अधिक मोलाच्या ठरतात. कुष्ठरोगात तर चेतादाहावर वेळीच औषधोपचार करणे हे सर्वांत आधी.

चेता जिवंत आहे की नाही, हे ठरविण्यासाठी तीव्रता व स्पंदकाल यांचा आलेख काढता येतो. सर्व तंतू शाबूत असता तो डावीकडे सरकलेला व बराचसा सपाट येतो. पूर्ण चेताविच्छेदात उजवीकडे सरकून तीव्र चढाचा होतो. काही तंतू वाचले असतील तर मध्ये एक बाक दिसतो. अर्थात इजेनंतर तंतूंचा ऱ्हास पूर्ण होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणून त्याआधीचा आलेख फसवा असतो. आज इलेक्ट्रोमायोग्राफीने ही माहिती अधिक अचूक मिळते. परंतु ती सोय नसेल तेथे हा आलेख अजूनही उपयोगाचा आहे.

वाकडे झालेले तोंड

या विषयात वेळ वाया जाण्याचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे बेल्स पाल्सी. तोंड वाकडे झाले की नातेवाईक प्रथम "करंट लावणारा" शोधतात. येथे दोन गोष्टी ठळकपणे सांगितल्या पाहिजेत.

एक, कपाळाला आठ्या घालता येत असतील आणि केवळ चेहऱ्याचा खालचा भाग लुळा असेल तर दोष मेंदूत असण्याची शक्यता आहे. सोबत हातापायांत अशक्तता किंवा बोलण्यात अडखळणे असेल तर तो पक्षाघाताचा झटका समजून तातडीने रुग्णालय गाठावे.

दोन, कपाळासह अर्धा चेहरा लुळा पडला असेल व निदान बेल्स पाल्सीचे असेल, तर पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन सुरू केल्याने पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले आहे. विद्युत-उद्दीपनाचा असा लाभ मात्र २०११ च्या कॉक्रेन समीक्षेत सिद्ध होऊ शकला नाही. म्हणजे जे तीन दिवस औषधाचे, तेच आपण यंत्रासमोर बसून घालवितो! डोळा मिटत नसेल तर थेंब, मलम व रात्री डोळ्यावर पट्टी यांनी पारपटलाचे रक्षण करणे आणि आरशासमोर चेहऱ्याचे हळुवार व्यायाम शिकविणे, हे आमचे त्या अवस्थेतील खरे काम आहे.

वेदनाशमन

१९६५ मध्ये मेल्झॅक व वॉल यांनी वेदनेचा द्वार-सिद्धान्त मांडला. ठेच लागली की आपण नकळत ती जागा चोळतो. स्पर्शाचे जाड तंतू जागे होतात आणि मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाचे दार काहीसे लोटले जाते. १९६७ मध्ये वॉल व स्वीट यांनी विद्युत-उद्दीपनाने असे वेदनाशमन मनुष्यात दाखविले. आज 'टेन्स' या नावाने ओळखली जाणारी लहान यंत्रे त्याचीच संतती होत.

टेन्सच्या दोन मुख्य पद्धती आहेत. नेहमीच्या पद्धतीत ५० ते १०० हर्ट्‌झ वारंवारिता व लघु स्पंद वापरून जोरदार पण सुखकर मुंग्या निर्माण करतात. परिणाम लवकर येतो व यंत्र बंद केल्यावर बहुधा लवकर ओसरतो. दुसऱ्या पद्धतीत २ ते ४ हर्ट्‌झवर स्नायू झटके देईल इतकी तीव्रता ठेवतात. या दोहोंत शरीरातील अफूसदृश द्रव्यांचा सहभाग असतो व कमी आणि अधिक वारंवारितेत वेगवेगळे ग्राही कामास येतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत १९९९ मध्ये आढळले. रोज तेच आकडे ठेवल्यास सवय होऊन परिणाम बोथट होतो, म्हणून ते बदलत राहावे लागतात.

इंटरफेरेन्शियल उपचार हा याच कुळातील. त्वचेचा विरोध उच्च वारंवारितेस कमी होतो. म्हणून उदाहरणार्थ ४००० व ४१०० हर्ट्‌झचे दोन प्रवाह परस्परांना छेदतील असे देतात. त्यांच्या संयोगातून शरीरात १०० हर्ट्‌झची लय निर्माण होते.

या सर्वांचा उपयोग किती? २०२२ मध्ये ३८१ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार टेन्स सुरू असताना व लगेच नंतर वेदना कृत्रिम उपचारापेक्षा कमी होते. याउलट ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी टेन्स व इंटरफेरेन्शियल देऊ नये असे सांगितले. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. वेदना काही काळ कमी होणे वेगळे आणि दुखणे बरे होणे वेगळे. तो जो अर्धा तास मिळतो, त्यात रुग्ण चालला, वाकला, व्यायाम शिकला तर उपचार सार्थ. तो अर्धा तास पलंगावर पडून गेला तर दहा दिवसांनी आपण जेथे होतो तेथेच असतो.

स्नायूचे बळ

गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर मांडीचा पुढील स्नायू जणू झोपी जातो. इच्छा असूनही रुग्णास तो आवळता येत नाही, कारण सांध्याकडून येणारे संदेश त्यास दाबून ठेवतात. अशा वेळी ३० ते ५० हर्ट्‌झ, ३०० ते ४०० मायक्रोसेकंद आणि सहन होईल तितक्या तीव्रतेचे उद्दीपन शस्त्रक्रियेनंतर लवकर सुरू केल्यास बळ लवकर परत येण्यास मदत होते.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. आपण स्वेच्छेने स्नायू आवळतो तेव्हा प्रथम लहान, न थकणारे तंतू कामास लागतात व मोठे तंतू गरजेनुसार मागून येतात. शिवाय ते आळीपाळीने काम करतात. विद्युत-उद्दीपनात मात्र इलेक्ट्रोडजवळचे व जाड चेतेचे तंतू एकाच वेळी, पुन्हा पुन्हा तेच जागे होतात. म्हणून थकवा लवकर येतो. यासाठी दहा सेकंद आकुंचन व पन्नास सेकंद विश्रांती असे प्रमाण आरंभी ठेवावे आणि बळ वाढेल तशी विश्रांती कमी करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रवाह येताच रुग्णाने स्वतःही स्नायू आवळावा. वर्तमानपत्र वाचीत निवांत बसून घेतलेले उद्दीपन हा आमच्या विभागांतील फार मोठा अपव्यय आहे.

निषेध व सावधगिरी

पेसमेकर किंवा शरीरात बसविलेला डिफिब्रिलेटर असता, हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीवाचून व देखरेखीवाचून उद्दीपन देऊ नये. मानेच्या पुढील बाजूस कॅरॉटिड सायनसच्या आसपास, छातीतून आरपार, गर्भवतीच्या पोटावर व कंबरेवर, खोल शिरेत गुठळी असता त्या पायावर, कर्करोगाच्या गाठीवर आणि जखमी वा संसर्ग झालेल्या त्वचेवर ते टाळावे. अपस्माराच्या रुग्णात डोके व मानेवर वापरू नये.

मधुमेहींच्या बाबतीत विशेष जपावे. ज्याच्या तळपायांत संवेदनाच नाही, त्यास "चटका लागला तर सांगा" म्हणण्याला अर्थ नाही. गरम व गार, टोकदार व बोथट यांची पारख आधी करून घ्यावी. सुकलेले, कडा उचललेले पॅड वापरल्यास सर्व प्रवाह थोड्याशा जागेत एकवटतो व भाजते. शॉर्टवेव्ह डायाथर्मीचे यंत्र चालू असता त्याच्या जवळ उद्दीपन देऊ नये. निदान तीन मीटरचे अंतर असावे.

आजकाल घरोघरी लहान टेन्स यंत्रे आली आहेत. ती निषिद्ध नाहीत. पण निदान झाल्यावाचून वेदना दडपणे धोक्याचे. छातीत किंवा डाव्या खांद्यात नव्याने दुखू लागले असता घरचे यंत्र काढून बसणारे काका-काकू प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांना वेळीच थांबवावे व डॉक्टरांकडे न्यावे.

चिठ्ठीवर काय असावे?

डॉक्टर मित्रांना माझी विनंती एवढीच की, आकडे त्यांनी लिहिण्याची गरज नाही. ते काम आमचे. मात्र चिठ्ठीवर चार गोष्टी अवश्य असाव्यात : नेमके निदान, चेता शाबूत आहे की नाही व इजा केव्हाची, उद्दिष्ट वेदनाशमनाचे, बळ वाढविण्याचे की हालचाल परत शिकविण्याचे, आणि पेसमेकर, मधुमेह, गर्भावस्था, रक्ताची गुठळी यांसारखी सावधगिरीची कारणे. दहा दिवस ही मुदत पंचांगाप्रमाणे न ठेवता, पाच-सहा बैठकांनंतर रुग्णाची प्रगती मोजावी व ती नसेल तर उपचार बदलावा किंवा थांबवावा.

रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना सांगावयाचे ते याहूनही थोडके आहे. हा प्रवाह कशासाठी लावीत आहात, तो चालू असताना मी काय करावयाचे आणि घरी कोणता व्यायाम करू, हे तीन प्रश्न उपचारकास निःसंकोच विचारावेत. चांगल्या उपचारकास त्यांचा राग येणार नाही. विद्युत्प्रवाह निजलेल्या स्नायूस हाक मारू शकतो, वेदनेचे दार थोडा वेळ लोटून धरू शकतो. उठून चालावयाचे काम मात्र रुग्णासच करावे लागते आणि त्यास उभे करण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.